गाठींसाठी बांधलेल्या गोदामात माणसं बसवायची असतील तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापुरात स्टेशनच्या बाजूला आजोबांच्या वेळची दोन एकर जागा आहे. तिच्यात काळ्या दगडाची पाच गोदामं, प्रत्येक साधारण शंभर बाय चाळीस फूट, शिवाय कापसाच्या गाठी बांधायचा बंद पडलेला प्रेस आणि मधे मोठं पटांगण. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. कंत्राटदार म्हणतो पाडा. एक आर्किटेक्ट म्हणतात, समोरून काच लावून ऑफिसं काढा. चुलत्यांना भाडं हवंय, तुम्हाला पटांगण गावासाठी खुलं ठेवायचंय. आणि शेवटी विचारलंत, "सर, ठेवू की पाडू? आणि सोलापुरात ऑफिसं चालतील का?"

मी गेली पंचवीसेक वर्षं जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. जागा न बघता ठेवा किंवा पाडा असं सांगणार नाही. पण विचार कुठून सुरू करायचा ते सांगू शकतो.

गोदाम माणसांसाठी बांधलेलं नसतं, ते गाठींसाठी असतं. कापसाला ऊन नको, ओल नको, आणि एका ठिकाणी आग लागली तर ती शेजारी जायला नको. म्हणून भिंती जाड, झरोके पार छपराजवळ, दार एकच पण मोठं आणि सरकतं, जोतं बैलगाडीच्या साटीला लागेल इतकं उंच आणि दोन गोदामांत भरपूर अंतर. माणसाला नेमकं उलटं लागतं: उजेड, वारा, पाणी, संडास आणि पळायला दोन वाटा. तुमचं सगळं काम म्हणजे या दोन गरजांची सोयरीक जुळवणं. ज्या गोदामात ती थोडक्यात जुळते तिथे ऑफिस करा. जिथे जुळत नाही तिथे अट्टहास नको. पाचही गोदामांत ऑफिसं ही कल्पना मला आत्ताच पटत नाही, ती का ते पुढे येईलच.

आधी नोटीस. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती आली असेल, तर नीट वाचा. बहुतेक वेळा तीत दुरुस्त करा, आधार द्या किंवा उतरवा असे पर्याय असतात, आणि लोक त्यातला शेवटचा शब्द तेवढा वाचून घाबरतात. गप्प बसणं मात्र सगळ्यात वाईट. स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा, जो भाग झुकलाय त्याला टेकू द्या, रस्त्याकडची बाजू पत्रे लावून बंद करा आणि हे सगळं फोटोंसह लेखी कळवा. तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल तपासणी तशीही लागतेच. इंजिनिअर निवडताना एकच प्रश्न विचारा: चुन्यातल्या दगडी बांधकामाचं काम केलंय का? फक्त आरसीसी केलेला माणूस तुमच्या भिंतीवर हातोडा मारून तिची ताकद आरसीसीच्या हिशेबात मोजेल आणि नापास करेल. तो खोटं बोलत नसतो, त्याचं मापच वेगळं असतं.

त्याच आठवड्यात मालमत्ता पत्रक काढा. त्यावर किती वारस आहेत, एखाद्या गोदामात जुना भाडेकरू बसलाय का, हे आधी कळू दे. माझ्या अनुभवात अशी निम्मी कामं भिंतीमुळे अडत नाहीत, सहीमुळे अडतात. वखारीचा व्यापारी वापर करायचा तर तो वापरातला बदल आहे आणि त्याला महापालिकेची रीतसर परवानगी लागते. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, वारसा इमारतींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. तुमची जागा वारसा यादीत आहे का ते नगररचना विभागात लेखी विचारा, तोंडी उत्तर घेऊन येऊ नका.

आता भिंती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन नंबरच्या गोदामाच्या कोपऱ्याला तिरकी चीर दिसते. कंत्राटदाराने पाडा म्हणायचं कारण तीच असणार. ती चीर कुठली आहे हे आज कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जोत्याखाली मुरमापर्यंत पाया गेलेला नसेल, तर इमारत वर्षभर श्वास घेतल्यासारखी हलते. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि तिच्यावर तारीख टाका. भिंत हलली तर ती तडकेल. शेजारी चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक खूण करून त्यांच्यातलं अंतर दर पंधरवड्याला वहीत लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. अंतर मेमध्ये वाढून सप्टेंबरात कमी होत असेल तर दुखणं मातीचं आहे. अशा वेळी भिंतीआधी पाण्याचा बंदोबस्त करायचा: फुटका नळ, तुंबलेली पन्हळ, पायाला खेटून वाढलेलं झाड. अंतर फक्त वाढतच असेल तर गोष्ट वेगळी, मग पायाशी खड्डा घेऊन बघावं लागतं. एका कामात मालकाने घाईने अशी चीर सिमेंटने भरून घेतली. मातीने आपला नेम चुकवला नाही, पुढच्या उन्हाळ्यात चीर भरलेल्या जागेला हात न लावता हातभर बाजूला नवी उघडली.

दुसरी तपासणी भिंतीच्या पोटाची. या भिंती बहुतेकदा दुहेरी असतात. बाहेर घडीव दगड, आत ओबडधोबड दगड, मधे चिपा आणि चुना. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड किती अंतरावर आहेत हे महत्त्वाचं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडेही भांडी वाजली होती. तिकडे मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती अशाच उकलून पडल्या. तुमची भिंत चुन्यातली आहे, तिची तुलना थेट त्यांच्याशी नको. पण बाहेरचा थर पोटासारखा पुढे आला असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर तिथे आरपार बांधणी करून चुन्याचं पातळ दूध आत सोडावं लागेल. पाचपैकी एखाद्या गोदामाची भिंत या पलीकडे गेलेली निघाली तर ते खरंच उतरवावं लागेल. उतरवलात तर दगड विकू नका, दुरुस्तीला तेच लागतात.

आणि सिमेंट नको. हे मी माझ्या चुकीतून शिकलो. एका जुन्या गोदामात मी दगडांचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरायला परवानगी दिली होती. सुबक रेघा दिसल्या, मालक खूश. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूच्या विटांच्या कमानींवर पांढरा खार फुलला आणि विटांची तोंडं बोटाने खरवडली तरी पिठासारखी गळायला लागली. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडायची. ती वाट मी बंद केली, मग तिने विटांतून वाट काढली. काळ्या दगडाला काही झालं नाही, तो तसा कशालाच दाद देत नाही. चुना महाग पडतो, वेळ खातो, तो मळणारे गवंडी शोधावे लागतात. तरीही दर्जे आणि गिलावा चुन्याचाच.

याला जोडूनच पटांगणाची पातळी. सगळीकडे होणारी चूक अशी की पेव्हर ब्लॉक टाकताना पटांगण फूटभर उंच होतं, जोतं बुजतं आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी उभं राहतं. तुमचं जोतं तीन फुटांचं असेल तर तेवढंच दिसत राहू द्या. अपंगांसाठी उतार करायला १ ला १२ हे प्रमाण धरतात, म्हणजे तीन फूट चढायला छत्तीस फूट लांबी, शिवाय मधे थांबायला सपाट जागा. हे काम प्रत्येक दाराशी करत बसू नका. दोन गोदामांसमोरचे मालधक्के एकमेकांना जोडून एकच लांब ओटा करा आणि त्याला एकच उतार द्या. वर पत्र्याची किंवा कौलांची पडवी उतरवलीत की तो तुमचा वऱ्हांडा झाला. सोलापूरच्या उन्हात माणूस पहिल्यांदा तिथेच थांबणार आहे.

उजेडाचं म्हणाल तर काचेच्या दर्शनी भागाची गरजच नाही, आणि मेमध्ये पश्चिमेला काच म्हणजे तव्यावर बसणं. उत्तरेकडच्या उतारावर ठरावीक कौलांच्या जागी काचेची कौलं बसवा. मंगलोरी कौलांच्याच साच्याची मिळतात, पैसेही फार लागत नाहीत. खिडकी हवीच असेल तर भिंतीत नवीन भोक पाडण्याआधी झरोक्याकडे बघा. झरोक्यावरची कमान शंभर वर्षं भार पेलते आहे. तिची रुंदी तशीच ठेवून फक्त खालची भिंत उतरवली, तर वरच्या भाराला कळतही नाही की खाली काही बदललं. रुंदीत वाढवायला गेलात की टेकू, लोखंडी तुळई, परवानगी आणि धाकधूक, सगळं आलं.

उष्णतेचा हिशोब भिंत आणि छप्पर असा वेगवेगळा करा. जाड दगड दुपारची आग संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नाही, म्हणून दुपारी गोदामात बरं वाटतं. रात्री मात्र तोच दगड साठवलेली उष्णता सोडतो. त्यामुळे रात्री झरोके उघडे राहिले पाहिजेत. पूर्वी वखारीत चोराच्या भीतीने सगळं बंद असायचं, तुम्ही गज आणि जाळी लावून उघडं ठेवा. खरा शत्रू छप्पर. कौलांखाली फळ्या आणि उष्णतारोधक थर द्या, आढ्याशी वारा बाहेर जायला फट ठेवा. वीस फूट उंचीच्या पूर्ण पोकळीला एसी लावू नका, विजेच्या बिलाने भाडेकरू पळेल. ऑफिस म्हणजे गोदामात ठेवलेली पेटी समजा: आठ-नऊ फूट उंचीच्या केबिनी, एसी त्यांच्यापुरता, बाकीच्या जागेत मोठे पंखे. पेट्या भिंतीला खेटून नकोत, हातभर अंतर सोडा, म्हणजे दगड दिसतो आणि दुरुस्तीला माणूस आत जातो.

माळा टाकायचा मोह होईल, कारण उंची आहे. जमिनीची काळजी नको. भारतीय मानकांत गोदामाच्या फरशीला दर चौरस मीटरला किमान साडेसातशे किलोच्या आसपास भार धरतात, ऑफिसला अडीचशे ते चारशे. अडचण असते ती माळ्याचा भार कुठे टेकवायचा याची. जुन्या भिंतीत तुळई खोचू नका. माळ्याला स्वतःचे लोखंडी खांब आणि त्यांना स्वतःचा मुरमापर्यंत पाया द्या. भिंत हलेल तेव्हा माळा हलायला नको, आणि उलटही.

आता आगीबद्दल, कारण तुमच्या बेतातला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे. राष्ट्रीय इमारत संहिता ऑफिसमध्ये दर माणशी दहा चौरस मीटर धरते. तुमचं एक गोदाम सुमारे ३७० चौरस मीटर, म्हणजे ३७ माणसं. त्याच गोदामात जेवणाचा हॉल केलात तर दर माणशी दीड चौरस मीटर, म्हणजे जवळपास अडीचशे माणसं. भिंती त्याच, छप्पर तेच, पण अग्निशमन खात्याच्या नजरेत या दोन वेगळ्या इमारती आहेत. दारं किती, किती रुंद, पाण्याचा साठा किती, सगळं बदलतं. म्हणून कुठल्या गोदामात गर्दी जमणार हे पहिल्याच नकाशात ठरवा. नंतर "कॅफे थोडा वाढवू" असं चालत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जण गेले. गिरणीच्या आवारात खाणावळ काढणाऱ्या प्रत्येकाने तो नकाशा डोळ्यांपुढे ठेवावा: गच्चीवर तात्पुरतं छप्पर, जळणारी सजावट, अपुऱ्या वाटा. तुमचं सरकतं दार कितीही देखणं असलं तरी सुटकेचं दार म्हणून ते धरत नाहीत. ते दिवसभर उघडं अडकवून ठेवा, त्याच्या आत बाहेरच्या बाजूला उघडणारं नवीन दार बसवा, आणि समोरच्या भिंतीत दुसरी वाट काढा. सागवानी कैच्यांना, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, लोक उगाच घाबरतात. जाड सागवान वरून कोळसा होत सावकाश जळतं, उघडं लोखंड तापलं की वाकतं. कैची काढून लोखंड घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

संडास कुठल्याही गोदामाच्या आत नको. मागच्या कुंपणाकडे नवी साधी इमारत बांधा आणि पाण्याची सगळी कामं तिथे. काळ्या मातीत गळणारा पाइप आणि चुन्याची भिंत यांची गाठ पडू देऊ नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कागद आणि नोटीस आत्ता, चिरेची वही आजपासून, पाणी आणि छप्पर येत्या पावसाळ्याआधी, चुन्याचं काम पावसाळ्यानंतर. नकाशा त्यानंतर. आर्किटेक्टचं संगणकावरचं रंगीत चित्र सगळ्यात शेवटी.

ऑफिसं चालतील का? पुण्यातल्या हिंजवडीसारखी नाही चालणार. आपली पोरं पुण्याला जातात हे खरं आहे, आणि एखाद्या मोठ्या आयटी कंपनीची वाट बघत पाच गोदामं रंगवून ठेवणं मला परवडणारं वाटत नाही. पण सोलापुरात टॉवेल आणि चादरीचे निर्यातदार आहेत, गणवेश शिवणारे आहेत. त्यांना बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला माल दाखवायला बरी जागा लागते. आज ते त्याला एमआयडीसीत कारखान्याच्या माडीवर नेतात. सीए, वकील, छोट्या सॉफ्टवेअर टीम, त्याही आहेत. दोन गोदामं ऑफिसला, एक माल दाखवायला आणि प्रदर्शनाला, असं मी सुचवेन. चौथ्यात अभ्यासिका. हसू नका. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहाला येतात, रात्री अकराला जातात, वर्षाचे बारा महिने. भाडं कमी देतात, पण जागा जिवंत ठेवतात. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस भागात १८५२ चं लुईस क्युबिटने उभारलेलं धान्याचं कोठार आहे. तिथे २०११ मध्ये कलामहाविद्यालय आलं आणि समोरचं पटांगण भरलं. चकचकीत दुकानं २०१८ मध्ये, मागाहून आली. रोज येणारी माणसं आधी, हा क्रम मला पटतो. पाचवं गोदाम सध्या नुसतं दुरुस्त करून रिकामं ठेवा, त्याला काय मानवतं ते दोन वर्षांत कळेल.

पाडून बांधलं तर जास्त मिळणार नाही का, हा चुलत्यांचा प्रश्न रास्त आहे. मुंबईत मिळालं असतं. तिथे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ते वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले आणि गावाच्या वाट्याला आलं ते फारच थोडं. त्या उलाढालीमागे तिथल्या जमिनीचा भाव होता. सोलापुरात तो भाव नाही. नवीन बांधकामाचा खर्च मात्र जवळपास सारखाच येतो. म्हणून आपल्याकडे जुनं नीट करून भाड्याने देणं अनेकदा हिशेबात बसतं, फक्त हाताशी चौथा हिस्सा जादा रक्कम ठेवा, कारण कौलं काढल्याशिवाय छपराखाली काय आहे ते दिसत नाही. शिवाय आपल्या डोळ्यांसमोर वारदांचं इंद्रभुवन आहे. एका कुटुंबाचा वाडा इतकी वर्षं महापालिकेची कचेरी म्हणून चालला. जुन्या इमारतीत फायली आणि माणसं नांदू शकतात, हे चुलत्यांना तिथे नेऊन दाखवा.

पटांगण गावाला द्या, पण लिहून देऊ नका. मालकी तुमची, वेळ गावाची: सकाळी चालायला, संध्याकाळी सहा ते दहा बसायला. दुपारी सोलापुरात उघड्यावर कोणी बसत नाही, तेव्हा बाकड्यांपेक्षा झाडांवर खर्च करा. असलेले कडुनिंब तोडू नका, मधला भाग मुरमाचाच राहू द्या. थंडीत हुरड्याचे चार दिवस, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास हातमागाचं प्रदर्शन, अशा कार्यक्रमांचं भाडं घ्या आणि त्यातून झाडलोट आणि राखणदार भागवा. फुकट जागेला राखणदार नसला की ती सहा महिन्यांत गाड्या लावायची जागा होते.

शेवटी तुमच्या वडिलांचा प्रश्न, प्रेस भंगारात घालू का? थांबा. लोखंडाचा भाव पुढच्या वर्षीही असेल. प्रेसखाली खोल खड्डा असतो, तो मोजा. तुमच्या पाच छपरांवर नुसता शंभर मिलिमीटर पाऊस पडला तरी गळती-उडणं सोडून दीड लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं, आणि पाण्याची ओढ असलेल्या गावात ते सोडून देणं बरं नाही. आतलं जुनं तेल आणि गाळ काढून, बाजूंना अस्तर करून तो खड्डा पावसाच्या पाण्याची आणि आगीच्या बंबाची टाकी होऊ शकतो. किती खोल आहे ते बघायला आत मात्र कोणी उतरू नका, हवा कोंडलेली असते. दोरीला वजन बांधून वरून सोडा आणि माप मला कळवा.